लेबलबाईंची वही

आमच्या जाऊबाईंना हॉस्पिटलात सगळे लेबलबाई म्हणत. मोठे डॉक्टर तोंडावर म्हणत, आया पाठीमागे म्हणत, आणि घरी म्हणायचा हक्क फक्त माझा होता. दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. वीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केलाय, तेवढा हक्क मला पोचतो.

नाव काही उगीच पडलं नव्हतं. आमच्या घरात कात्रीच्या खणावर 'कात्री' अशी चिठ्ठी असायची आणि खणात कात्री नसली की घरभर चौकशी बसायची. एकदा मी वैतागून भाऊजींच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, शर्टाच्या पाठीवर 'नवरा' अशी चिठ्ठी चिकटवली. भाऊजी तशीच ती घेऊन बँकेत जाऊन आले. जाऊबाई हसल्या, पण चिठ्ठी फाडून टाकली नाही. ओल्या कापसाने सोडवून, सुकवून खणात ठेवली, परत लागेल म्हणून.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. नोकरीला लागल्या त्या पहिल्याच वर्षी एक म्हातारी टेबलावर निळी पडली. ती वाचली, पण तिला नेमकी कोणत्या बाटलीतली सुई टोचली होती ते कुणालाच सांगता येईना, कारण सफाईवाल्याने तोवर कचरा नेलेला होता. त्या दिवसापासून जाऊबाईंनी वही घातली. दोनशे पानी, शाळेतल्या मुलांची असते तशी, एक भरली की दुसरी. ऑपरेशनमध्ये वापरलेल्या प्रत्येक बाटलीभोवती स्पिरिटचा कापूस गुंडाळायचा, पाव तासाने लेबल अख्खं सुटतं, ते वहीत चिकटवायचं आणि शेजारी पेशंटचा नंबर टाकायचा. हॉस्पिटलच्या कोणत्याही नियमात हे नव्हतं. पहिली दोन वर्षं लोकांनी टिंगल केली, मग एकदा वहीमुळे एक घोळ निस्तरला आणि मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर गुच्छ दिला. त्यानंतर टिंगल बंद झाली आणि नाव तेवढं उरलं.

मी कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. दुनियेची भांडणं मी काचेवर पालथी घालते आणि झाकण लावते. वाचायची नाहीत असा माझा नियम आहे आणि तो मी दिवसातून दहा वेळा मोडते.

एका सोमवारी दुपारी एक उंच बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आली. गठ्ठा लोकरीच्या धाग्याने बांधलेला. तिच्यासोबतच्या गृहस्थांना तिने बाहेरच्या बाकावर बसवलं, त्यांचा हात बाकाच्या कडेला लावून दिला, आणि मग आत आली. गृहस्थांनी काळा चष्मा घातला होता. मशीन सुरू झालं तसे ते बाहेरून म्हणाले, "दिवा सरकताना अडखळतोय तुमचा. तेल द्या त्याला."

"ह्यांना सगळं ऐकू येतं," बाई म्हणाली. "पूर्वी सगळं दिसायचं. चित्रकलेचे सर होते."

मी कागद उलटत गेले. तिसऱ्या कागदावर हॉस्पिटलचं नाव आलं. जाऊबाईंचं हॉस्पिटल. खाली लिहिलं होतं, शस्त्रक्रियेत डोळ्यासाठीचेच प्रमाणित औषध वापरण्यात आले, दोष असल्यास तो उत्पादक कंपनीचा. त्याच्या खाली साक्षीदारांची यादी, आणि यादीत तिसरं नाव आमच्या जाऊबाईंचं. माझा हात झाकणावरच राहिला.

"कागद अडकला का?" बाईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कसली केस आहे?"

तिने सांगितलं. बहुतेक पुष्कळ जणांना सांगून झालं असावं, कारण ती न थांबता बोलत होती. सरांचा एक डोळा लहानपणी चेंडू लागून गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला म्हणून ऑपरेशन केलं. मध्येच डोळ्यातली बाहुली आकसली, म्हणून ती मोठी करण्यासाठी डोळ्याच्या आत एक औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर डोळा दुधासारखा पांढरा. पुढे दोनदा बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलून पाहिला, दोन्ही वेळा तो धरला नाही.

"हॉस्पिटल म्हणतं कंपनीचं औषध खराब. कंपनी म्हणते आमच्या त्या साठ्यातल्या बाटल्या तपासून घेतल्या, स्वच्छ आहेत. दोघांचंही खरं असेल. मग ह्यांच्या डोळ्यात गेलं ते काय होतं, हे सांगायला कुणी तयार नाही. आमचे वकील म्हणाले, कोणतं औषध होतं हेच सिद्ध झालं नाही तर केस तिथेच संपली. पुढच्या महिन्यात साक्षी आहेत."

मी कागद मोजून दिले, पैसे घेतले आणि ती तिसऱ्या नावाची बाई माझी जाऊ आहे हे तिला सांगितलं नाही. दुकान बंद करेपर्यंत मला दोन दुपारी एकदम आठवत राहिल्या. एक समोरची, आणि एक अडीच वर्षांपूर्वीची.

अडीच वर्षांपूर्वी जाऊबाई एकदा दुपारीच घरी आल्या होत्या. चपलाही न काढता जेवणाच्या टेबलाशी बसल्या, जवळचं वाचायचा चष्मा लावला आणि वही उघडली. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, जळलं, घरभर वास सुटला, तरी त्या हलल्या नाहीत. मी गॅस बंद करून ओरडले तेव्हा वही मिटली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवली. त्यानंतर ती वही पुन्हा हॉस्पिटलात गेली नाही. विचारलं तर म्हणाल्या, कंटाळा आला. आणि मग घरातल्या चिठ्ठ्या एकेक करून निघायला लागल्या. आधी कात्रीची, मग डब्यांवरच्या. मला वाटलं, चला, वय झालं, खूळ उतरलं. इतकी मी हुशार.

संध्याकाळी त्या भाजी निवडत होत्या. मी पर्स खुर्चीवर टाकली आणि सरळ विचारलं, "ताई, वही कुठाय?"

"कसली वही?"

"मला नका शिकवू. चित्रकलेच्या सरांची वही."

त्यांनी सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले, प्रत्येक बोट वेगळं पुसलं. मग मशीनचा खण ओढून वही काढली आणि न शोधता ते पान उघडलं.

"रोज वाटतं जाळून टाकावी," त्या म्हणाल्या. "आणि रोज उघडून बघते, आहे ना म्हणून."

पानावर एका पेशंटच्या नंबराखाली सात लेबलं होती. पाचव्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग मागचं पान उलटून तशाच नावाचं दुसरं लेबल दाखवलं. औषधाचं नाव दोन्हीकडे तेच, ॲड्रेनालिन. पण मागच्या पानावरचं डोळ्यासाठीचं होतं. ह्या पाचव्यात औषध टिकावं म्हणून रसायन घातलेलं होतं. शिरेत किंवा कातडीखाली ते चालतं, पण डोळ्याच्या आत गेलं तर डोळा जातो. लेबलाच्या तळाशी तसं छापलेलं होतं. मला आधी ती फक्त रेघ वाटली. चष्मा लावला तेव्हा अक्षरं दिसली.

"हे आलं कुठून थिएटरात?"

"नेहमीचं संपलं होतं. आमची खरेदी बघतात त्या सुपरिटेंडंटांनी बाहेरच्या दुकानातून पाच बाटल्या आणवल्या. टोपण लाल होतं, आपलं करडं असतं. मी म्हटलं, हे वेगळं दिसतंय. ते म्हणाले, तेच आहे, कंपनी वेगळी. मी घेतल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार त्यांनी स्वतः येऊन परत नेल्या. स्टोअरच्या कागदांवर त्यांची नोंदच नाही."

मी उभीच होते ती खाली बसले. "म्हणजे ह्या एका पानावर सर जिंकले."

"हो. सर जिंकले."

"मग तुम्ही अशा काय बघताय, घरात कुणी गेल्यासारखं?"

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, नोकरीची भीती. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती, आणि हॉस्पिटलाविरुद्ध बोललेल्या सिस्टरला हॉस्पिटल काही ओवाळणार नव्हतं. मी घाबरले, हे कबूल करते. त्या सरांबद्दल मला वाईट वाटत होतं, पण सर बाकावरचे होते आणि जाऊ घरातली होती. भाऊजींना कळलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "गप्प बसणं हा काही गुन्हा नाही," आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

साक्षीच्या आदल्या रविवारी सकाळी हॉस्पिटलचे वकील घरी आले. गोड माणूस. बूट दाराबाहेर काढले, मोज्याला भोक होतं ते लपवत बसले, आणि जाऊबाईंना म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला तीन वाक्यं बोलायची आहेत. मी थिएटर सिस्टर आहे. त्या दिवशी डोळ्यासाठीचंच औषध वापरलं. मला काही वेगळं जाणवलं नाही. संपलं. चौथं वाक्य बोलायचं नाही."

जाऊबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"आणि ती लेबलांची वही म्हणतात ती आहे का अजून?" वकिलांनी चहाचा घोट घेत विचारलं, साखर आहे का विचारावं तसं.

जाऊबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून काय निघणार ते मला माहीत नव्हतं, म्हणून मीच मध्ये पडले. "ती होय? रद्दीत गेली की. मीच दिली."

इतक्या सराईतपणे थाप मारली की मला माझंच कौतुक वाटलं. वकील खूश झाले. दुसरा कप चहा मागून घेतला. ते गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तू कशाला बोललीस?"

"मग कुणी बोलायचं? तुम्ही तर मुक्याचं व्रत घेतलंय."

"तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. आता तेही माझ्याच खात्यावर."

मला राग आला. भलं करायला जावं तर हे. मी भांडी अशी आदळली की शेजारच्यांनी खिडकी लावली.

साक्षीच्या दिवशी मी दुकानाला 'दहा मिनिटांत येते' ही पाटी लावली आणि कुलूप घातलं. ती पाटी दिवसभर तशीच होती. जाऊबाईंनी कापडी पिशवी काखेत धरली होती. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही, कारण पिशवीचा आकार वहीचा होता.

कोर्टाची खोली लहान, पंखा एका बाजूला कललेला. डाव्या बाकावर सर आणि त्यांची बायको. उजवीकडे मोठे डॉक्टर, त्यांच्याशेजारी सुपरिटेंडंट, गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला. सुपरिटेंडंट जाऊबाईंकडे बघून ओळखीचं हसला. कंपनीचे वकील कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते.

जाऊबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य ठरल्याप्रमाणे झालं. मग हॉस्पिटलच्या वकिलांनी मान किंचित झुकवून विचारलं, "त्या दिवशी वापरलेलं औषध डोळ्यासाठीचंच होतं ना?"

जाऊबाईंनी काखेतली पिशवी पुढे घेतली.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

वकिलांना वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी परत विचारला, सावकाश, लहान मुलाला विचारावा तसा. जाऊबाईंनी परत नाही म्हटलं आणि पिशवीतून वही काढली. सुपरिटेंडंटची टोपी गुडघ्यावरून खाली पडली. ती त्याने बराच वेळ उचलली नाही.

हॉस्पिटलचे वकील माझ्याकडे वळून बघायला लागले. मी पंख्याकडे बघितलं.

न्यायाधीश बाई होत्या, वयाने जाऊबाईंएवढ्याच. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा बदलला, पान डोळ्यांजवळ नेलं. मग सगळ्या बाजूंना प्रती द्या म्हणाल्या. कारकून वही घेऊन समोरच्या झेरॉक्सकडे, म्हणजे माझ्याचकडे, निघाला. मी त्याच्यामागे धावले, कुलूप उघडलं, मशीन तापायची वाट बघत उभी राहिले. पहिली प्रत साधी काढली. मग तो छोटा चौकोन दुप्पट केला, तरी तळाची अक्षरं बारीकच. चौपट केला. आता कागदावर स्पष्ट आलं, डोळ्याच्या आत वापरू नये. कारकून म्हणाला, "अरे बाप रे." मी म्हटलं, "सही कर आणि चल."

परत आलो. कागद वाटले गेले. कंपनीच्या वकिलांनी ते वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. त्यांचं काम झालं होतं. सरांचे वकील उभे राहिले, लाल टोपणाबद्दल, सुपरिटेंडंटबद्दल, परत नेलेल्या चार बाटल्यांबद्दल विचारलं. जाऊबाईंनी घरी मला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. सरांची बायको नवऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि तिचा आवाज फुटत होता. मला पहिल्यांदा बरं वाटलं. नोकरी गेली तर गेली, म्हटलं, बाईने नाव काढलं. उद्या वर्तमानपत्रात फोटो येईल, मी तो फ्रेम करून दुकानात लावीन, इथपर्यंत माझी गाडी पोचली.

"मला आणखी काही विचारायचं नाही," सरांचे वकील म्हणाले. हॉस्पिटलच्या वकिलांनी नुसताच हात हलवला.

"तुम्ही जाऊ शकता," न्यायाधीश म्हणाल्या.

जाऊबाई खाली उतरल्या नाहीत.

"साहेब, ते लेबल मी कधी काढलं, हे कुणी विचारलं नाही."

"म्हणजे?"

"वापरल्यावर काढायचं, अशी माझी पद्धत होती. पंधरा वर्षं तशीच होती. मग ऑपरेशनं वाढली, संध्याकाळी एक-एक तास जास्त थांबावं लागायचं. म्हणून मी सकाळीच काढायला लागले. दिवसभराच्या बाटल्या पेशंटप्रमाणे वेगळ्या काढून कापसात गुंडाळायच्या, लेबलं वहीत लावायची, आणि बाटलीवर पेनने औषधाचं नाव लिहायचं, थोडक्यात. त्या दिवशी लाल टोपणाचीही तशीच काढली. तेव्हा मी जवळचा चष्मा लावला नव्हता. मास्कमुळे धुकं धरतं. लेबल चिकटवलं, वाचलं नाही."

न्यायाधीशबाईंनी कारकुनाला लिहून घ्यायची खूण केली.

"टेबलावर बाटली गेली तेव्हा तिच्यावर कंपनीचं काहीच नव्हतं. माझं अक्षर होतं फक्त. मोठे डॉक्टर लेबल वाचल्याशिवाय औषध घेत नसत पूर्वी. माझं अक्षर बघून घ्यायला लागले. तरी त्या दिवशी त्यांनी विचारलं, सिस्टर, डोळ्याचंच ना? मी हो म्हटलं. बघितलं नाही. माझ्या ट्रॉलीवर दुसरं असणारच नाही, असं वाटलं मला."

मला उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. खरंच. अर्ध्या तासापूर्वी त्या जिंकल्या होत्या. सरही जिंकले होते. कुणाचंही काही अडलेलं नव्हतं, आणि ही बाई उभी राहून आपल्याच हाताने आपल्या गळ्यात दोर घालून घेत होती. मोठ्या डॉक्टरांनी कपाळ हातात धरलं होतं. सरांनी मात्र मान वळवून चेहरा आवाजाच्या दिशेला केला होता आणि तो आवाज थांबल्यावरही तसाच ठेवला.

बाहेर आल्यावर जिन्यातच मी सुरू झाले. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? सांगा ना. कुणी?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "तेव्हा न बघता हो म्हटलं. आज सगळं बघून परत गप्प बसले असते तर मग काय राहिलं असतं?"

"सर जिंकलेच होते ना पण."

"सरांना वाटलं असतं की लाल टोपणाने डोळा नेला. मी नेला हे त्यांना कळायला नको?"

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. भाऊजी तीन आठवडे बोलले नाहीत. आमच्या घरात अबोला कसा असतो सांगू, त्यात जेवण दोन घास जास्त वाढतात आणि मीठ मागायचं असेल तर भिंतीला मागतात.

हॉस्पिटलने आठवड्यात काढून टाकलं. सिस्टर म्हणून जी नोंदणी असते ती दोन वर्षांसाठी थांबली. सहा महिन्यांनी निकाल लागला. कंपनी सुटली, कारण बाटली तिची नव्हतीच. हॉस्पिटलने भरपाई द्यायची असं ठरलं. चुकीचं औषध आणणारा सुपरिटेंडंट त्यांचा, न वाचता पुढे करणारी सिस्टर त्यांची, आणि छापील लेबल नसलेली बाटली हातात घेणारे डॉक्टरही त्यांचेच, तेव्हा हॉस्पिटलला हात झटकता येणार नाहीत, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही. निकालाच्या प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या.

प्रती काढायला सर आणि त्यांची बायको आले तेव्हा जाऊबाई दुकानात होत्या. घरी बसून भिंती बघतात म्हणून मी त्यांना रोज बळेच आणायचे, कागद लावायला. त्यांना बघून बाई दारातच थांबली. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. कुठे जावं ते त्यांना कळेना. दुकान आठ फूट बाय दहा फूट, मागचं दार नाही.

"कोण आहे?" सरांनी बाहेरून विचारलं.

बाईने हातातले कागद छातीशी धरले. मग जाऊबाईंनीच सांगितलं, "मी सिस्टर."

"आवाज ओळखला," सर म्हणाले. त्यांनी बाक चाचपला आणि बसले. "निकालाला ते लेबल जोडलंय म्हणे, मोठं करून. हिला वाचून दाखव म्हटलं तर हिला रडू येतं. पुढे जात नाही. तुम्ही वाचता?"

मी मशीन बंद केलं. मला जाऊबाईंची काळजी वाटली, त्या पडतील की काय. पण त्यांनी पर्समधून जवळचा चष्मा काढला, काच पदराच्या टोकाने पुसली, कागद घेतला आणि बाहेर जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. सुरुवातीपासून वाचायला लागल्या. औषधाचं नाव. किती मात्रा. कोणत्या महिन्यात तयार केलं, कोणत्या महिन्यापर्यंत चालेल. कुठे ठेवावं. टिकण्यासाठी घातलेल्या रसायनाचं नाव, ते फार लांब होतं, ते त्यांनी अडखळत पुरं केलं. रस्त्यावरून माणसं कोर्टात ये-जा करत होती. शेवटची ओळ आली तेव्हा त्या थांबल्या.

सरांनी कान त्यांच्याकडे केला.

"डोळ्याच्या आत वापरू नये," जाऊबाईंनी वाचलं.

"हे मोठं केलेलं आहे," सर म्हणाले. "मूळ लेबलावर अक्षर केवढं होतं?"

"मोहरीपेक्षा बारीक."

"वाचता आलं असतं?"

जाऊबाईंनी चष्मा काढून हातात धरला. त्यांना खोटं बोलायची सोय होती. कुणीही म्हटलं असतं, नाही हो, इतकं बारीक कुणाला दिसतंय. सरांनाही कदाचित तेच ऐकायचं असेल, मला माहीत नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "चष्मा लावला असता तर वाचता आलं असतं."

सरांनी मान हलवली. मग हात पुढे करून त्यांनी कागद मागितला, आणि त्या ओळीवर, जिथे ती असेल असं त्यांना वाटलं तिथे, बोट फिरवलं. बोट दोन ओळी वर होतं. जाऊबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि खाली आणून बरोबर ठेवलं.